न धुतलेलं दुपटं

डॉ. कमल देवकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका आजीबाईंना रागावत होत्या, आणि कारण काय, तर आजींनी नातवाला फार स्वच्छ करून आणलं होतं.

श्रीरामपूरच्या मुलांच्या दवाखान्यात नर्स म्हणून माझा तो पहिला दिवस. कोपरगावकडचं एक कुटुंब एस.टी.नं आलं होतं. बाळ महिन्याचं, डोळ्यांत पिवळी झाक. डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून त्याला सकाळीच न्हाऊ घातलेलं, डोळ्यांत काजळ, गालाला तीट, अंगात नवं झबलं आणि खाली कोरं दुपटं. बाईंनी बाळाचं पोट चाचपलं आणि आईला काहीच न विचारता आजींकडे वळून म्हणाल्या, "दुपटी कोण धुतं?"

"मीच की. बाळंतिणीला पान्यात हात घालू देत न्हाई आमी."

"मग शीचा रंग कसा असतो?"

चार माणसांत हे काय विचारणं, अशा नजरेनं आजींनी इकडंतिकडं पाहिलं. मग जरा कौतुकानंच सांगितलं, "लई गुनाचं लेकरू हाय बगा. मुताचा पिवळा पडतो तेवढाच, शीचा डाग म्हनून पडत न्हाई. पान्यात घातलं की निगालं."

"अहो आजी, डाग पडत नाही हेच तर दुखणं आहे," बाई म्हणाल्या. "मला हे धुतलेलं बाळ काय करायचंय? जा, पुढच्या गाडीनं घरी कुणाला तरी पाठवा आणि न धुतलेलं दुपटं आणा."

कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत मी कोपऱ्यात उभी होते. आपण कुठं येऊन पडलो, असं मला वाटलं. पुढं उभा जन्म त्याच कोपऱ्यात गेला, आणि आज पुण्याला मुलाच्या घरी सातव्या मजल्यावर बसून हे लिहिताना त्या कोपऱ्याची इतकी आठवण येते की लिहिणं थांबवून उठावं लागतं. बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या संशोधनाविषयी या गौरवग्रंथात मोठमोठी डॉक्टर मंडळी लिहितीलच. मी सिस्टर मार्था, त्यांच्या हाताखाली काम केलेली. मला दुपट्यांबद्दलच लिहिता येईल.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी बाईंच्याच शब्दांत सांगते. शेतकरी बापाला त्या म्हणत, "पाटाला पाणी आहे, पण तुमच्या शेताकडे येणारी चारी बुजलीय. मग पाणी कुठं जाईल?" काही बाळांमध्ये लिव्हरमधून आतड्याकडे पित्त नेणारी नळी जन्मापासून बुजत जाते. पित्त खाली उतरत नाही, म्हणून शीला रंग येत नाही. ते आतच साठून लिव्हर कडक होत जातं. दोन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर बऱ्याच बाळांची वाट मोकळी होते. उशीर झाला की मग एकच उपाय उरतो, दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवणं. आणि वेळेत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीही काहींना पुढं कधीतरी तो लागतोच.

बाई मूळच्या अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या. शिकायला मुंबईला गेल्या, तिथल्याच मोठ्या रुग्णालयात राहिल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. तिथं त्यांच्या वॉर्डात पोट फुगलेली, हिरवट पिवळी पडलेली मुलं यायची, आणि सर्जन प्रत्येक आईबापाला एकच वाक्य सांगायचे, "जरा आधी आला असतात तर." बाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "मार्था, ते वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. मग वाटलं, आधीचं ते बाळ मुंबईत नसतंच. ते गावात आजीच्या मांडीवर असतं. आपण तिथं जाऊन बसावं." आणि त्या येऊन बसल्या. त्यांचं सगळं संशोधन एवढ्या एका इच्छेतून निघालं, की बाळ वेळेत आपल्यापर्यंत यावं.

न धुतलेलं दुपटं आणायचा नियम पाळताना आमच्या लोकांची काय त्रेधा उडाली ते सांगायला हवं. घरातली घाण डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची, ही कल्पनाच कुणाला सोसवेना. कुणी रुमालात, कुणी पिशवीत पिशवी घालून आणी. एक आजोबा तर स्टीलच्या डब्यात, वरून कडी घट्ट लावून घेऊन आले. त्याच दिवशी एका बऱ्या झालेल्या मुलाच्या बापानं पेढ्यांचा डबा आणला होता. आमच्या शिपाईमामांनी दोन्ही डबे चहाच्या ट्रेवर मांडून बाईंपुढं नेले. बाईंनी पहिला उघडला, आत पाहिलं, शांतपणे झाकण लावलं आणि म्हणाल्या, "मामा, आजपासून या दवाखान्यात कुठलाही डबा आधी मी उघडणार." त्यानंतर कित्येक दिवस आमच्यापैकी कुणी पेढ्याला हात लावला नाही.

पण दवाखान्यात आलेलं बाळच आम्ही पाहू शकत होतो. न आलेल्याचं काय? म्हणून बाईंनी रंगांची पट्टी काढायचं ठरवलं. कागदावर छापून पाहिली, तर दर खेपेला छापखान्यातून रंग निराळा येई. मग त्या म्हणाल्या, कापडावरची गोष्ट कापडावरच दाखवू. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी सुती कापडाचे तुकडे रंगवायला घेतले. हळद, चहा, मेंदी, काय काय उकळलं. शेजारी नमुन्याची खरी दुपटी. स्वयंपाकीणबाई चिडून दोन दिवस माहेरी जाऊन बसल्या आणि अख्ख्या दवाखान्यानं बाहेरून वडापाव आणून खाल्ला. पण पट्टी झाली. वरचे तुकडे हळदीचे, मोहरीचे, हे बाळ ठीक. खालचे तुकडे ज्वारीच्या पिठाचे, शाडूचे, हे बाळ उचला आणि श्रीरामपूरला आणा. अकोल्याच्या भातकऱ्यांना ज्वारीचं पीठ सांगून काय उपयोग, म्हणून तिकडच्या पट्टीला बाईंनी तांदळाची पेज असं नाव दिलं. जीपनं त्या डोंगरवाड्यांत आम्ही किती फिरलो. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी भाकरी सोडून बसायचो, बाई पाय पाण्यात सोडायच्या आणि म्हणायच्या, इथंच एक खोली बांधून राहू म्हातारपणी. ती खोली काही झाली नाही. मला ती अजूनही हवी आहे.

पट्टी अंगणवाड्यांच्या दाराला लागली, आशाताईंच्या पिशवीत गेली. पुढच्या वर्षी आम्ही पाहणीला गेलो, तर एका अंगणवाडीत पट्टीचे सगळेच तुकडे पांढुरके. मदतनीसताई हौसेनं म्हणाल्या, "मळल्याली दिसली म्हनून दर आठवड्याला साबनानं धुती मी. बाई येनार म्हनून काल परत धुतली." बाई कपाळाला हात लावून खाली बसल्या आणि हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "मार्था, आपल्या लोकांचं धुण्याचं वेड मला पुरून उरणार." तेव्हापासून पट्टी प्लॅस्टिकमध्ये शिवून द्यायची पद्धत पडली. कावीळ उतरवणाऱ्या एका गृहस्थांच्या ओट्यावरही बाईंनी ती पट्टी नेऊन टांगली. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची माळ घाला खुशाल, पण आधी दुपटं बघा. खालच्या रंगाचं असलं तर माळ नको, गाडीत बसवा." त्या गृहस्थांनी पुढं खरंच बाळं पाठवली.

डॉक्टरांच्या परिषदेत बाईंनी हे काम मांडलं तेव्हा मला हट्टानं बरोबर नेलं आणि व्यासपीठावर माझं नाव घेतलं. त्यांच्या अशा गोष्टी किती सांगू? माझे यजमान शेवटच्या आजारात होते तेव्हा माझ्या पाळ्या बाईंनी स्वतः केल्या. नर्सच्या खुर्चीत डॉक्टर. नवे आलेले लोक त्यांना सिस्टर म्हणून हाक मारत, गरम पाणी मागत, आणि बाई उठून देत. यजमान गेल्यावर चर्चमध्ये त्या मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. निघताना माझ्या पिशवीत भाकरी-पिठल्याचा डबा ठेवून गेल्या.

आता जे लिहिते ते गौरवग्रंथात नको, असं मला वाटत होतं. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तेच लिही. बाकीचं नाही लिहिलंस तरी चालेल."

पाथर्डीकडची मंगल नवऱ्याबरोबर आमच्या भागात ऊसतोडीला आलेली. फडाशेजारच्या कोपीतच, पाचटाच्या झोपडीत, तिला मुलगी झाली. आशाताईंनी कोप्यांवर जाऊन पट्टी दाखवली, आणि मंगल दुसऱ्याच दिवशी बाळ घेऊन आमच्याकडे हजर. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, दुपटी कोण धुतं? ती म्हणाली, "मीच. आनि कोन धुनार हितं?" दुपट्याचा रंग शाडूसारखा. पण बाळ वेळेत आलं होतं. पुण्याला शस्त्रक्रिया झाली, आणि परत आमच्या वॉर्डात आल्यावर एका सकाळी मंगल दुपटं हातात धरून व्हरांड्यातून धावत आली. "बाई, डाग पडला." हळदीसारखा पिवळा डाग. बाईंनी ते दुपटं खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला ते धुवायला टाकणं जिवावर आलं. मुलीचं नाव दुर्गा ठेवलं, ते बाईंनीच.

बाईंनी मंगलला समजावलं, की एवढ्यानं संपलं नाही. नेमानं दाखवायला यायचं, ताप आला तर त्याच दिवशी यायचं, आणि पुढंमागं कधी लिव्हर कडक झालंच तर आईबापापैकी कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा तिला लागेल. देणाऱ्याचं लिव्हर पुन्हा वाढतं. मंगलनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "माजं घ्या की. हाय कशाला मग?"

नेमानं यायचं म्हणणं सोपं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. त्यातलं एक निघालं की दुसऱ्याचंही काम थांबतं. पुढच्या हंगामात त्यांची टोळी कर्नाटकात गेली. मंगल दुर्गाला घेऊन आली ती कितीतरी उशिरा, पोर तापानं फणफणलेली, डोळे पुन्हा पिवळे. त्याच आठवड्यात वॉर्डातलं एक बाळ गेलं होतं. बाईंचा तोल गेला. सगळ्या ओपीडीसमोर त्या मंगलला म्हणाल्या, "पोरीपेक्षा ऊस मोठा झाला का तुला? अशीच सांभाळायची असेल तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

दुर्गाचा ताप उतरला, ती खाऊ-पिऊ लागली. मंगलनं तिला कडेवर घेतलं, बाईंच्या पाया पडली आणि गेली. ती परत आली नाही.

बाईंच्या रागाचा पारा चढायचा तसा उतरायचाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मंगलला ते कुणी सांगितलं नव्हतं. आधी वाटलं, हंगाम संपला की येईल. मग बाई स्वतः जीप करून पाथर्डीकडं गेल्या. घराला कुलूप. दुसऱ्यांदा गेल्या तर सासरे म्हणाले, ते गाव सोडून दुसऱ्या मुकादमाकडं गेले, कुठल्या कारखान्यावर ते ठाऊक नाही. तेव्हापासून दर दिवाळीनंतर कारखान्यांभोवती कोप्या पडल्या की बाई बाळं तपासायला जात, आणि पहिला प्रश्न असे, "पाथर्डीकडची मंगल कुणी ओळखतं का? दुर्गाची आई." मंगल नावाच्या बायका पुढं येत, बाई प्रत्येकीच्या तोंडाकडं आशेनं बघत, आणि मग पेटी उघडून कामाला लागत. लिव्हर बदललेल्या मुलांविषयी कुठं काही छापून आलं, तर आधी आईचं नाव वाचत. मुंबईच्या प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं असायचं, त्यांनाही विचारून झालं. दुर्गाचं लिव्हर टिकलं का, नसलं टिकलं तर तिला वेळेत तुकडा मिळाला का, की नाहीच मिळाला. बाई हे मोठ्यानं विचारत नसत. पण ओपीडीच्या दारात कडेवर मूल घेतलेली उंच बाई दिसली की त्यांचा हात लिहिता लिहिता थांबे. मी जवळ उभी असायची. माझंही तेच व्हायचं.

या थंडीत या लेखासाठी मी श्रीरामपूरला गेले. बाई अजून आठवड्यातून दोनदा ओपीडीत बसतात. गुडघे कुरकुरतात, काठी आली आहे, पण टेबल तेच. मी माझ्या जुन्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले, तर म्हणाल्या, "बस आता तरी. तुझी पाळी संपलीय."

ऊसतोडीची एक तरुण बाई आत आली. कडेवर पारोसं बाळ, केस विस्कटलेले, नाक वाहतंय. बाईंनी काही विचारायच्या आत तिनं पिशवीतून एक गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. "धुतल्यालं न्हाई, बाई."

बाईंनी गाठोडं सोडलं. पिवळा डाग, अगदी व्यवस्थित. साधी कावीळ होती, उतरत चाललेली. तिला तसं सांगून बाई म्हणाल्या, "न धुता आणायचं कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या शेजारच्या कोपीत होती एक, कर्नाटकात, आमच्या गावाकडचीच. दोन सीजन संगंच हुतो. औंदा मी बहिनीच्या टोळीत आले हिकडं. ती म्हनली, लेकराचं डोळं पिवळं झालं तर सरळ श्रीरामपूरच्या बाईकडं जायचं. दुपटं धुवायचं न्हाई, लेकराला न्हाऊ सुदिक घालायचं न्हाई. मंगल तिचं नाव."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कशी आहे ती?"

"बरी हाय की. मोळी तेवढी उचलत न्हाई, आमीच देतो तिची मोळी गाडीवर. पोटावर हे एवढं टाक्याचं वन हाय तिच्या. पोरीला लिव्हर दिलं म्हनं, मुंबईला का कुठं."

खोलीत मी, बाई आणि ती. पुढचा प्रश्न मीच विचारला. "आणि पोरगी?"

"दुर्गी? गावाकडं हाय, मंगलच्या आईपाशी. धाव्वीला हाय औंदा. गोळ्या चालूच हायेत, पर लई बडबडी."

इतकी वर्षं मी बाईंना डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मग ती इकडं का येत नाही गं?"

"तुमीच येऊ नको म्हनला हुता म्हनं." बाई रागावल्या की काय असं वाटून ती घाईनं पुढं म्हणाली, "राग न्हाई बरं का तिला. बाईंचा शब्द हाय, म्हनती."

बाईंनी दुपटं पुन्हा गाठोड्यात बांधून दिलं. मग त्यांनी त्या बाईचा हात धरला. "कारखान्याचा पट्टा पडला, ऊस संपला, की तुम्ही सगळे गावाकडे जाल ना? मंगल भेटेल तुला. तिला सांग, बाईंनी बोलावलंय. बाईंचं चुकलं म्हणावं. पोरीला घेऊन ये. आणि या वेळी तिला चांगली न्हाऊ-माखू घालून आण म्हणावं. नवे कपडे घालून."

तिनं मान डोलावली, बाळाला कडेवर मारलं आणि गेली. आपणच त्यांच्या गावाला जाऊ, असं मी म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "दार मी बंद केलं होतं, ती त्याच दारातून आत यायला हवी." तेव्हापासून बाईंचा रोज मला फोन असतो. ऊस किती उरला, कुठला कारखाना कधी बंद होणार, ही चौकशी त्या आता एखाद्या बागायतदारासारखी करतात.

हा ग्रंथ आपल्या हातात पडेल तेव्हा पट्टा पडायला थोडा अवकाश असेल. आपण सगळे बाईंसाठी शंभर वर्षं मागाल, आणि ती त्यांना मिळोत, निरोगी मिळोत, असं मीही मनापासून म्हणते. पण माझी रोजची प्रार्थना त्याहून लहान आहे. देवा, हा हंगाम संपेतो त्यांचे गुडघे आणि डोळे शाबूत ठेव. त्या सकाळी त्या आपल्या टेबलाशी बसलेल्या असाव्यात, मला माझ्या कोपऱ्यात उभं राहता यावं, आणि दारातून एक मुलगी न्हाऊन, वेणीफणी करून, नव्या कपड्यांत आत यावी. इतकी स्वच्छ, की दुसऱ्या कुणाला बाईंनी त्याबद्दल रागवल्याशिवाय सोडलं नसतं.